भत्त्यापुरता आजारी

२ मार्च
आजपासून रोज लिहायचं. डॉक्टरांनी सांगितलंय, थकव्याची नोंद ठेवा, अपंगत्व भत्त्याच्या अर्जाला लागेल. मला भत्ता नको. मी आजारी नाही. दोन वर्षं जरा दमतो, इतकंच.
नोंद : आज थकवा नाही. दात घासून आडवा झालो, तो चारला उठलो.

४ मार्च
काल राहिलं. आज ताई आली. थोरली बहीण, तिच्यापुढे आजवर कोणाचं चाललंय? म्हणाली, तुझी बिनपगारी रजा महिनाअखेर संपते. भत्ता मिळाला तर घराचं भाडं निघेल, खुशाल इथे राहा. नाही मिळाला तर सामान बांध आणि माझ्याकडे चल. मी म्हटलं, सोमवारपासून कामावर जातो. ती म्हणाली, आधी बाथरूमपर्यंत जाऊन दाखव.
घर सोडायचं नाही हे नक्की. माझी बायको इथेच गेली. पाच महिने झाले. ही होती तेव्हा असं नव्हतं. म्हणजे तेव्हाही मी पडूनच असायचो, पण जाणवायचं नाही.

८ मार्च, सकाळ
रोज फिरायला जाणे सुरू. एक मोजा घातला, मग जरा दम खाल्ला. उद्या तिथून पुढे.
लोक म्हणतात, दुःखानं थकलाय. डॉक्टर म्हणतात, क्रॉनिक फटीग, दुःखाच्या आधीपासूनचा. मी दोघांनाही हो म्हणतो. वाद घालायला उठून बसावं लागतं.
अजून रडलो नाही. दर वेळी आधी झोप लागते.

११ मार्च
अर्ज भरला. म्हणजे ताईनं भरला, मी पडून उत्तरं दिली. स्वयंपाक स्वतः करता का? मी म्हटलं, हो लिही. ताई म्हणाली, शेवटचा कधी केलास? मी म्हटलं, येतो तर खरा. तिनं ‘नाही’ लिहिलं. आंघोळ? हो म्हटलं. ताईनं नुसता वास घेतला आणि ‘नाही’ लिहिलं. त्या कागदावर मी जवळजवळ गेलेलोच आहे. असो. भत्त्यापुरता आजारी व्हायला माझी हरकत नाही.

१९ मार्च
तपासणी तेवीसला. ताई म्हणाली, आहेस तसा चल. दाढी नको, इस्त्री नको. मी म्हटलं, मी नाटक करणार नाही. ती म्हणाली, नाटक रोज करतोस बाबा, एक दिवस बंद ठेव.
बेत : तोवर पूर्ण विश्रांती. परीक्षेला पेंगत कोण जातं?

२३ मार्च, संध्याकाळ
उत्तम झालं. दाढी केली. हिनं आणलेला निळा शर्ट घातला.
ताई टॅक्सीवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडत होती, तेवढ्यात मी लिफ्टमध्ये शिरलो. लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबली, वर ब्रेक घासल्याचा आवाज. जन्मभर लिफ्ट इन्स्पेक्शन केलेल्या माणसानं ते ऐकून गप्प बसायचं? तपासणी दुसऱ्या मजल्यावर होती. मी जिन्यानं थेट गच्चीवरच्या मोटर-रूमपर्यंत गेलो, तिथल्या माणसाला ब्रेक दाखवला. उतरताना तपासणीच्या बाईच भेटल्या. म्हणाल्या, दुरुस्तीवाले का? म्हटलं, नाही, मी अकराचा पेशंट. दोघंही हसलो. मागे ताई उभी होती, ती हसली नाही.
आत बाईंनी विचारलं, कसं वाटतंय? मजेत, म्हटलं. मिसेस? गेल्या, म्हटलं. मग एकटे सगळं सांभाळता? हो, अगदी. बाई सगळं लिहून घेत होत्या. इतकं मन लावून बऱ्याच दिवसांत कोणी ऐकलं नव्हतं.
परत येताना ताई टॅक्सीत डोळे मिटून बसली. दमली असावी.

२४ मार्च
पडून.

१ एप्रिल
मधले दिवस आठवत नाहीत. ताई चमच्यानं भरवते. डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, यालाच हा आजार म्हणतात, चढता त्या दिवशी काही नाही, वसुली नंतर. तपासणीच्या बाईंनी तुम्हाला आज बघायला हवं होतं. मी म्हटलं, छे, असल्या अवतारात?
रजा काल संपली.

६ एप्रिल
भत्ता नामंजूर. ‘अर्जदार विनासाहाय्य जिने चढतो, नीटनेटका राहतो, वृत्ती आनंदी.’ नोकरीत इतका चांगला शेरा कधी मिळाला नव्हता. ताई कागद वाचून खुर्चीवर बसली आणि रडली. पंधरा दिवसांत अपील करता येतं. ताई म्हणाली, दे, मी लिहिते. मी म्हटलं, माझं मी लिहीन. कडक लिहीन. उद्याच.

२२ एप्रिल
अपिलाची मुदत काल संपली. ‘महोदय’ लिहून झालं होतं.

२६ एप्रिल
हमाल आलेत. ताईनं त्यांना सांगितलं, पलंग सगळ्यात शेवटी काढा. आता पलंगच उरलाय. मुकादम वाकून म्हणाला, काका, उठता ना? म्हटलं, उठतोच. त्यानं ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, थांबा जरा. चौघं भिंतीला टेकून उभे आहेत. एवढं लिहून झालं की उठतो.
आता ते खाली बसलेत.