फीच्या जागी वांगी

बुलढाणा, गुरुवार, १२ डिसेंबर

अजून खरं वाटत नाही. माझी डॉक्टर मुलगी वैदेही इथला दवाखाना बंद करून जयपूरला नोकरीला निघाली! मी तिच्यापुढे हिशेब मांडला: आयकर सगळीकडे सारखाच, व्यवसाय कर तिकडे नाही, पण तो असतो केवढासा? इथे घरभाडं नाही, सासरच्या गावाहून, देऊळघाटहून, भाजी फुकट येते.

"फुकट कुठं, आई? ते वांगेच त माही फी आहे. नात्यातलं कोणी पैसे देत नाही. अन् त्याईले पाठवते कोण? तूच!"

मी? मीच?

तेवढ्यात देऊळघाटचे चुलत दीर खोकत दारात. हातात वांग्यांची पिशवी. "वहिनी, वैदेही हाये का?"

मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "उद्या दवाखान्यात या. फी लागेल."

ते गेले. वांगीही परत नेली.

वैदेहीने बॅग भरणं काही थांबवलं नाही.