तीन नंबरचं मेंडोलिन

३ मार्च, मंगळवार

आजही तेच! आम्ही दोघं एकच धून वाजवत होतो, एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून — आणि वाजवणं संपल्यावर हॉटेलच्या लॉबीतली ती चष्मेवाली बाई उठून आली ती सरळ त्याच्याकडे. 'काय गोड वाजवता हो तुम्ही!' तुम्ही म्हणजे तो एकटा. मी शेजारी उभा. कोट टांगायचा स्टँड!

त्याचं नाव मी मधबोट ठेवलं होतं. बोटं मधात बुडवून घरातून निघतो, म्हणून. ठेवलं चिडून, पण भातेकाकांना ते इतकं आवडलं की आता सगळे त्याला कौतुकानं त्याच नावानं हाक मारतात. शिवी द्यायला गेलो आणि पदवी देऊन आलो.

भातेकाका आमच्या ताफ्याचे मुख्य. अकॉर्डियन वाजवतात. ताफा म्हणजे तरी काय — ते, मधबोट आणि मी. आज पेट्या आवरताना म्हणाले, 'बोटीचं काम पक्कं झालं रे. सहा महिने, रोज संध्याकाळी वरच्या डेकवर. पण त्यांना दोनच माणसं हवीत.'

दोन. एक भाता आणि एक मेंडोलिन.

बोट! रोज नवा धक्का, रोज नवी माणसं. दोन महिने एका गावात काढले की मला अंगाला मुंग्या यायला लागतात. हे काम माझ्यासाठीच बनलंय. मधबोटला तर झोक्यावरसुद्धा उलटी होते!

५ मार्च, गुरुवार

भातेकाकांना सरळच विचारलं. कोण जाणार? म्हणाले, 'तुझा हात चांगला आहे. पण तुझा तो डबा इंजिनाच्या वर ऐकू यायचा नाही. २१ तारखेला ठरवतो.'

डबा खराच आहे. बस थांब्यावर घेतला होता, कंगवे आणि टॉर्च विकणाऱ्या माणसाकडून. वरची फळी प्लायवुडची. खुंट्या वाजवता वाजवता सैल होतात. बाराव्या पडद्याच्या पुढे गेलं की सूर घर सोडून पळतो. शिकायला बरा होता. पण किती दिवस शिकणार?

आणि त्याचं! अख्ख्या एकसंध लाकडाचं, मऊ तांबूस. मामानं दिलं म्हणे. मलाही एक मामा आहे. तो फक्त सल्ले देतो.

मग काय गोड वाजवतो हो हा? मामा गोड वाजवतोय!

८ मार्च, रविवार

ठरलं. चांगलं मेंडोलिन घेणार. साठवलेलं सगळं काढणार.

ताईला सांगितलं. ताई म्हणजे सख्खी मोठी बहीण, तिच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत सध्या माझा मुक्काम. इस्त्री केलेले गठ्ठे घरोघर पोचवतो, ते माझं भाडं. ती इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाली, 'आधी सायकल घेणार होतास. मग कॅमेरा. मग कबुतरं.'

'या वेळी खरंच गं.'

'कबुतरांच्या वेळीही खरंच होतं.'

दुपारी दुकान बघायला निघालो. वाटेत एका इमारतीवर क्रेननं पियानो चढवत होते — तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून! पियानो हवेत गोल गोल फिरतोय आणि खाली एक बाई डोळ्यांवर हात घेऊन उभी. तो आत जाईपर्यंत बघत बसलो. दुकान बंद झालं.

९ मार्च, सोमवार

सतरा नंबरवाल्यांचे शर्ट एकवीस नंबरवाल्यांकडे देऊन आलो. ताई बोलत नाहीये.

१२ मार्च, गुरुवार

दुकानात गेलो एकदाचा. भिंतभर मेंडोलिनं. एकेक काढून वाजवलं. सगळीच माझ्या डब्यापेक्षा बरी वाटली, आणि मग सगळी सारखीच वाटायला लागली. एकावर शिंपल्याची फुलं बसवलेली, लालभडक, चकाचक — त्याच्यावर जीव जडला. तेवढ्यात भातेकाकांचं बोलणं आठवलं. त्यांनी कालच बजावलं होतं: 'वाद्य घेताना आपण वाजवायचं नाही. आवाज समोरच्याला जातो, वाजवणाऱ्याला उरलासुरला मिळतो. दुसऱ्याला वाजवायला सांगायचं आणि आपण पाठ करून बसायचं. डोळे मेले चकचकीला भुलतात. कान भुलत नाहीत.'

आता दुसरा म्हणजे कोण? मला मेंडोलिन वाजवणारा दुसरा माणूस माहीत आहे किती? एक! ज्याच्यावर मात करायला घ्यायचं, त्यालाच वाजवायला बोलवायचं. चोराला म्हणावं, बाबा रे, कुलूप कुठलं घेऊ?

विचारलं. लगेच 'हो' म्हणाला. जास्तच लगेच.

१४ मार्च, शनिवार

सगळं नीट लिहून ठेवतो, कारण मी आज एक तर फार हुशारी केली आहे, नाहीतर फार मोठा गाढवपणा.

दुकानदारानं माझ्या ऐपतीतली तीन काढली. एक — तेच फुलंवालं लाल. त्यानंच सांगितलं, फळी प्लायची आहे, दिसायला छान. दोन — काळपट, एकसंध लाकडाचं. तीन — तेही एकसंध, पण साधं, धुळकट, बरेच दिवस भिंतीवर लटकलेलं. मी ड्रमच्या स्टुलावर शटरकडे तोंड करून बसलो. मधबोट माझ्या पाठीशी. प्रत्येकावर तीच धून.

एक नंबर — वाटीवर चमचा. गेलं.

दोन नंबर — छान! मान आपोआप हलली माझी.

मग तीन. आधी तो सूर लावत होता. एक तार नुसती छेडली — आणि ती वाजतच राहिली. लांब. देवळातली घंटा कुणी हळूच हलवावी तशी. माझ्या मानेवर काटा आला. मग त्यानं धून सुरू केली आणि... काही नाही. जाड रजईखाली कुणीतरी पुटपुटतंय.

'परत वाजव.' परत वाजवलं. परत रजई.

बसल्या बसल्या माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जे वाद्य सूर लावताना घुमतं, ते धुनेत मरतं कसं? मारल्याशिवाय मरतं का काही?

हा मुद्दाम करतोय! सगळ्यांत चांगलं माझ्यापासून लपवतोय!

वळलो आणि म्हणालो, 'तीन.'

तो चपापला. 'तीन? नक्की? दोनला तुझी मान हलली होती.'

'मान काय, माशी बसली तरी हलते.'

'ऐक माझं, दोन घे. डोळे झाकून घे.'

झालं! त्यानं 'दोन घे' म्हटल्यावर तर शंकाच उरली नाही. दुकानदार एकदा माझ्याकडे बघतो, एकदा त्याच्याकडे. 'गिऱ्हाईक म्हणेल ते,' म्हणाला आणि तीन नंबर पेटीत ठेवलं.

पेटी छातीशी धरून घरी आलो. मध्ये फक्त एकदाच थांबलो, एक माणूस चाव्या बनवता बनवता शीळ घालत होता तिथे. काय धून होती! दोनदा ऐकली, तोंडपाठ झाली.

१५ मार्च, रविवार

गाढवपणा.

सकाळपासून वाजवतोय. आवाज बसलेला. वरच्या पडद्यांवर बेसूर, डब्यासारखंच. ताई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं चिडवायला नाही विचारलं, खरंच विचारलं: 'नवीन आणलंस ना? मग जुन्यासारखं का वाजतंय?'

१७ मार्च, मंगळवार

लॉबीत नवं वाद्य घेऊन पहिल्यांदा बसलो. भातेकाकांनी कान टवकारले आणि नाक मुरडलं. 'सर्दी झालीय रे याला. बंद बंद वाटतंय.' मधबोट माझ्या वाद्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही.  

त्याचा आवाज आज इतका गोड होता की मला दात आंबल्यासारखं झालं. लोकांनी चमचे खाली ठेवले. मी वाजवायचं थांबलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. दोन टाळ्या मलाही पडल्या, त्या चावीवाल्याच्या शिळेची धून वाजवली तेव्हा. एक आजोबा आणि आजी उठून नाचलेसुद्धा. पण ती कौतुकं धुनेची. धून काय, रस्त्यावर पडलेली असते, उचलली की झालं.

नंतर मधबोट म्हणाला, 'ही कुठून उचललीस? परत वाजव ना.' परत वाजवली. 'आणखी एकदा.' तीनदा वाजवायला लावली. बोटं बघत होता माझी. चुका मोजत असणार.

१८ मार्च, बुधवार

दुकानावरून गेलो. दोन नंबर अजून भिंतीवर आहे. आत गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?

२० मार्च, शुक्रवार

आज काय झालं ते आधी लिहून टाकतो!

सकाळी रागानं वाद्य उलटंपालटं करून बघितलं. तारा हिरव्या-काळ्या पडलेल्या. किती वर्षं लटकत होतं कोण जाणे, आणि मला सहा दिवसांत तारा बदलायला जमलं नाही! रोज उद्या म्हणत होतो. गेलो, नव्या आणल्या, आणि घाईघाईत जुन्या आठच्या आठ एकदम काढल्या. एकेक जोडी बदलायची असते, हे माहीत आहे मला. कारण मेंडोलिनची घोडी, म्हणजे तारा तोलून धरणारा तो लाकडी ठोकळा, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते. तारा निघाल्या, घोडी टुणकन उडाली आणि इस्त्रीच्या टेबलाखाली गेली.

ताई म्हणाली, 'मोडलंस?'

मोडलं नव्हतं. पण आता घोडी ठेवायची कुठे? खालच्या लाकडावर जिथे खूण पडली होती तिथे ठेवणार होतो. मग म्हटलं, मोजू तरी. ताईची कपडे मापायची फीत घेतली. वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं, तेवढंच पुढे घोडीपर्यंत हवं. मोजतो तर काय — जुनी खूण बोटभर चुकलेली! कधी कुणाचा धक्का लागला असेल, कुणी बघितलंच नाही. म्हणून वरचे पडदे बेसूर!

घोडी जागेवर ठेवली. तारा चढवल्या. सूर लावला. आणि वाजवलं.

काय लिहू! अख्खी खोली भरली. हँगरला लावलेले शर्ट हलले असं वाटलं मला. ताई इस्त्री हवेत धरून तशीच उभी. मग एकदम ओरडली, 'शर्ट जळाला असता ना तुझ्यापायी! — वाजव, वाजव, थांबलास का?'

मग मी खरंच थांबलो. कारण दुसरंच डोक्यात आलं.

तारा गंजलेल्या, घोडी सरकलेली. म्हणून दुकानात ते मेल्यासारखं वाजलं. त्यानं काहीच केलं नव्हतं! आणि ती घंटा? भिंतीवरचं दुसरंच काहीतरी घुमलं असेल. बिचारा स्वतःची दुपार मोडून आला, खरं वाजवलं, खरं सांगितलं. आणि मी मनात त्याला चोर ठरवला. माझं नशीब चांगलं म्हणून वाद्य चांगलं निघालं. माझं मन काही चांगलं निघालं नाही.

२१ मार्च, शनिवार

बोटीवर मी!

भातेकाकांनी दोन धुना ऐकल्या, अकॉर्डियन मांडीवरून उतरवलं आणि नुसतं म्हणाले, 'सामान बांध.'

मधबोट म्हणाला, 'छान झालं.' मग मेंडोलिन पेटीत ठेवलं, पेटी बंद केली, परत उघडली, परत बंद केली. त्याचा चेहरा बघवेना. या चेहऱ्याची मी किती वाट बघितली होती! आता समोर आला तर मला पाणी पिऊन यायचं निमित्त काढून बाहेर जावं लागलं.

उद्या त्याला सांगून टाकणार. संशय घेतला होता, माफी मागतो. नाहीतर सहा महिने ते वाद्य मला छातीशी धरवणार नाही.

२२ मार्च, रविवार

सांगितलं. 'दुकानात मला वाटलं, तिसरं तू मुद्दाम मेल्यासारखं वाजवलंस. चुकलो रे.'

त्यानं एक खुंटी उगाच पिळली. मग म्हणाला, 'वाद्याची पाठ पोटाशी दाबून धरली होती मी, आवाज कोंडायला. तू एकदा ऐकतोस आणि वाजवतोस. मला आठवडा लागतो. वर वाद्यही तसलं तुलाच? — पण तू तर पाठमोरा होतास. तुला कळलं कसं?'

कळलं कसं? त्याच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं — हे कसं सांगायचं?