आबांच्या संगणकाचा सॉकेट

६ नोव्हें., धुळे
भावाकडे, वडिलांना भेटायला. नजर गेल्यापासून आबांना पेपर, पुस्तकं संगणकच वाचून दाखवतो. वाचणारं नवं सॉफ्टवेअर टाकलं तेव्हापासून अडखळतो. एक वाक्य, मग गप्प. प्रोसेसर जुना, सहाव्या पिढीचा. बदलायला हवा. पेटी उघडून बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खोबणीपाशी वाचलं: सॉकेट ११५१. टिपून घेतलं.

८ नोव्हें., जळगाव
सुनीलचं दुरुस्तीचं दुकान. जुने प्रोसेसर डब्यात, कागदात गुंडाळलेले. ११५५, ११५०, ११५१. आकडा म्हणजे पिनांची संख्या. पहिले दोन दिसायला जुळे, पण कडेची खाच जराशी सरकवलेली. चुकीचा बसतच नाही. शहाणी रचना. आठव्या पिढीचा ११५१ घेतला.
सुनील : "मॅडम, आकडा एक असला तरी बोर्ड कोणत्या पिढीचा ते बघा."
म्हटलं, खाचा जुळल्या की झालं. मला शिकवतो!

११ नोव्हें., धुळे
सहज बसला. चालू होत नाही. पंखा फिरतो, पडदा काळा. आबांनी दोन्ही प्रोसेसर बोटांनी चाचपले. "माले ते दोन्ही सारखाच लागतस व."
खरंच सारखे. मग या वेळी खाच का नाही सरकवली? सुनीलला फोन. नव्या पिढीत काही पिनांची कामं बदलली, वीज जास्त पिनांतून घेतात, आकार मात्र तोच. का? त्यालाही ठाऊक नाही.
जुनाच परत बसवायचा. त्याआधी सॉकेट मलमलीच्या फडक्याने पुसला. धूळ दिसली की हात राहत नाही. फडकं अडकलं. सॉकेटातल्या केसासारख्या पिना, चार वाकल्या.

१२ नोव्हें.
आबांना सांगून टाकलं. "पस्तीस वरीस पोरेसले सायन्स शिकाडं ना व तू?" खूप हसले. मग हळूच विचारलं, शेजारच्या काकू सकाळी मोकळ्या असतात का, पेपर वाचायला.
तीन वर्षांत हे कोणाला विचारावं लागलं नव्हतं.

१४ नोव्हें.
भिंग, सुई, गच्चीवरचं ऊन. तीन सरळ झाल्या. चौथी तुटली.
सुनील म्हणतो, काही पिना नुसत्या राखीव असतात, त्यातली गेली तर बिघडत नाही. तुटलेली कोणती, ते त्याने पाठवलेल्या तक्त्यावर मोजलं. एकदा राखीव आली, एकदा मेमरीची. तिसऱ्यांदा मोजायला बसले तर आबा, "पुरे व बाई. आते चालू कर."
जुना प्रोसेसर बसवला, तो दाबून धरणारा खटका लावला. आबांचं बोट बटणावर आहे. म्हटलं थांबा, एवढं लिहून होऊ द्या.