दुसऱ्या कापणीचं वजन

२८ ऑक्टोबर
दिल्लीत यमुनेच्या खादरात, म्हणजे पुराच्या गाळाच्या पट्ट्यात, बरसीम हा चारा पेरून झाला. अर्ध्या वाफ्यांवर माझं पूरक द्रावण फवारणार: युरिया, झिंक, थोडं बोरॉन. उरलेल्यांना साधं पाणी. दुसऱ्या कापणीपर्यंत हिरवा चारा वीस टक्के वाढायला हवा, तरच माझ्या मार्गदर्शक अलकनंदा मॅडम फेलोशिप पुढे चालू ठेवतील. वाढेलच. निष्कर्षाचा मसुदा आजच लिहून ठेवला. फक्त आकडा भरायचा आहे.
शेजारच्या ओटच्या प्रयोगावरचा नचिकेत म्हणाला, "यार, बरसीम स्वतःचा नायट्रोजन हवेतून घेतो. तुझा युरिया खाणार कोण?"
मी फवारणीचा पंप भरायला घेतला.

१९ नोव्हेंबर
द्रावणाच्या वाफ्यांत चाकवत उगवलाय. इथे त्याला बथुआ म्हणतात. दखल घेतली. निंदणी उद्या.

२० नोव्हेंबर
निंदणी नको. बरसीमची मुळं दुखावतील. शिवाय प्रोटोकॉलमध्ये नुसतं 'हिरवा चारा' म्हटलंय. चाकवत हिरवाच असतो.

१८ डिसेंबर, पहिली कापणी
द्रावणाचे वाफे सतरा टक्क्यांनी जड. मी शांत आहे.
मयूर विहारला घरी पोचले तर आईने नमुन्याची पिशवी उघडली. "अगं, केवढा कोवळा चाकवत! बाजारात असा डोळ्यांना दिसत नाही." मी सांगितलं, हा प्रयोगाचा नमुना आहे. ती म्हणाली, बिल्कुल, आणि ताकातली पातळ भाजी केली.

२७ डिसेंबर
नचिकेत म्हणे, माझ्या वाफ्यांत सब्जी मंडी भरलीये. मत्सर. त्याचा ओट अजून घोट्याएवढाच आहे.

५ जानेवारी
संस्थेच्या म्हशीला द्रावणाच्या वाफ्यातला चारा घातला. तिने बरसीम निवडून खाल्ला, चाकवत टोपलीतच ठेवला. एका म्हशीवरून काहीच सिद्ध होत नाही. निरीक्षण वगळलं.

१४ जानेवारी
बाबा इथल्या मराठी मंडळाच्या बसने पानिपतला, काला अंबच्या स्मारकावर जाऊन आले. आईने सोबत चाकवताचे पराठे दिले होते. अख्खी बस खूश. तेवढ्यात बाबांनी सगळ्यांना सांगून टाकलं की मुलीची फेलोशिप पक्की. मी दुरुस्ती केली नाही. परवाच दुसरी कापणी आहे.

१६ जानेवारी, दुपार
द्रावणाचे वाफे चोवीस टक्क्यांनी जड. आकडा मसुद्यात भरला.
मॅडमनी ढिगात हात घातला. "देवयानी, बरसीम आणि चाकवत वेगळे करून वजन कर."
निवडायला नचिकेत आला. एकही टोमणा मारला नाही. हे लक्षण चांगलं नाही.

१६ जानेवारी, संध्याकाळ
नुसता बरसीम साध्या पाण्याच्या वाफ्यांत जास्त भरला. माझ्या वाफ्यांत युरिया चाकवताने खाल्ला आणि वर बरसीमचं ऊनही अडवलं. फेलोशिप मार्चअखेर संपेल.
मॅडमनी विचारलं, "तण दिसत नव्हतं का तुला?"
दिसत होतं. १९ नोव्हेंबरला दखल घेतली होती.

२१ जानेवारी
बाबांना अजून सांगितलेलं नाही. मंडळातल्या काकू आईला फोन करून विचारतायत, पुढची कापणी कधी.
रात्री चाकवताची पातळ भाजी. दोनदा वाढून घेतली.
निरीक्षण: चव उत्तम. म्हशीचं मत ग्राह्य धरू नये.