शून्यावर आलेली माणसं

३ जून, सोमवार

आले बाई एकदाची! नोकरी, वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली आणि खिडकीतून टेकडी. आणखी काय हवं?

रंगाच्या कारखान्यातल्या स्फोटातून वाचलेल्यांवर इथे उपचार होतात. डॉक्टरीणबाईंनी काम नीट समजावलं. म्हणाल्या, या माणसांच्या मनाला तो दिवस संपलाय हे कळलेलंच नसतं. कुठे भांडं पडलं तरी ती पुन्हा तिथेच. म्हणून तो प्रसंग आत्ता घडतोय असा सांगायचा, टेपवर, पुन्हा पुन्हा, त्याची धार जाईपर्यंत. दर वेळी बाई विचारतात, आता किती? भीतीला शंभरपैकी आकडा द्यायचा. मी ती टेप एकटीने ऐकायची, शब्द न् शब्द टाइप करायची आणि पुसून टाकायची.

टेबलाचं तोंड दाराकडे होतं, मी ते खिडकीकडे फिरवलं. फरशीवर त्याच्या पायांचे चार खोल ठसे उरले. चहापाणी बघणाऱ्या मावशी हसल्या. "फिरवा, फिरवा. आधीच्या बाईंनीपण पहिल्याच दिवशी फिरवलं होतं."

महिना नीट गेला की लेकीला, माझ्या चिमणीला, ताईकडून इथे आणायचं. यंदा ती टायपिंगच्या परीक्षेत पहिली आली, हे मी डॉक्टरीणबाईंना न विचारताच सांगून टाकलं. हौस माझी!

६ जून, गुरुवार

स्टोअरकीपर काकांची टेप. धुरात बावीस पायऱ्या मोजत उतरले. खाली हिरवं दार, मूठ तापलेली, तळहात भाजला. तेव्हापासून कुठलंही दार उघडण्याआधी ते उलटा हात लावून बघतात. बसतातही दाराकडे तोंड करूनच. आकडा पंच्याण्णव.

जेवण गेलं नाही. होईल सवय.

१२ जून, बुधवार

काका आज दाराला पाठ करून बसले होते! वर मावशींची चेष्टा. "चहात साखर नाही टाकलीत? मी गोड दिसतो म्हणून?" मावशी म्हणाल्या, "आरशात बघून या, मग टाकते."

आकडा दहा. सहा दिवसांत? डॉक्टरीणबाई परवा म्हणाल्या होत्या की महिनोन् महिने लागतात. आज विचारलं, तर म्हणाल्या, तुम्ही फार मनापासून ऐकता.

मनापासून ऐकण्याचा आणि त्यांच्या बरं होण्याचा काय संबंध?

१७ जून, सोमवार

टेबल दाराकडे फिरवलं. वारा लागत होता म्हणून. पाय बरोबर जुन्या ठशांत बसले. मावशींनी पाहिलं.

इथल्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. दोनदा मोजल्या. मी का मोजतेय?

खोलीत थिनरचा वास. मावशींना येत नाही.

१९ जून, बुधवार

काका शून्यावर आले. घरी निघाले. जाताना मी टाइप केलेले कागद त्यांनी वर्तमानपत्र वाचावं तसे वाचले आणि म्हणाले, "बिचाऱ्याचं फार वाईट झालं हो."

बिचारा कोण? ते कागद त्यांचेच होते.

२० जून, गुरुवार

आधीची टायपिस्ट कुठे गेली, हे मावशींना विचारलं. कुठे जातील, म्हणाल्या, तुमच्याच मजल्यावर, टोकाच्या खोलीत; आता बऱ्या होतायत. मी विचारलं, त्यापण कारखान्यात होत्या का?

"छे! त्यांनी कारखाना पाहिलासुद्धा नव्हता." माझी कपबशी उचलली आणि गेल्या.

२१ जून, शुक्रवार

नवी टेप. बाईचा आवाज. बावीस पायऱ्या, हिरवं दार, काकांचंच सगळं. मग दुसऱ्याचं. तिसऱ्याचं. अकरा माणसांचं, एकाच आवाजात. शेवटी — मी टेबल खिडकीकडे फिरवते, मावशी हसतात —

आता किती? चाळीस.

टाइप करायचं थांबवायला हवं होतं. बोटं थांबली नाहीत.

२२ जून, शनिवार

टोकाच्या खोलीतून गाणं गुणगुणल्याचा आवाज. ती बरी झाली.

डॉक्टरीणबाई प्रेमाने म्हणाल्या, टोकाची खोली उद्या रिकामी होईल, तिथे ऊन छान येतं, तुम्ही राहा. टायपिस्टची काळजी नको. तुमच्या ताईंशी बोलणं झालंय. चिमणी सोमवारी येतेय.

खालचा फोन कुलपात. रविवारी दहाला तिचा फोन येतो, तेव्हाच उघडतात. दोनच शब्द सांगायचे. येऊ नकोस.

२३ जून, रविवार

पावणेदहा. बूट घालून बसलेय, दाराकडे तोंड करून. वास — खूप.

चिमणीच्या गालावर तीळ आहे. उजव्या. नाही, डाव्या — आठव. आठव.

वाजला. फोन वाजला.

चौदाच पायऱ्या. चौदा. उठले. उलटा हात मुठीला लावला —

गरम नाहीये. मला माहीत आहे, गरम नाहीये. खरं नाहीये हे —

पाचवी रिंग. दार हिरवं कधी —

मावशींनी उचलला. खालून त्यांचा आवाज, हसतायत, हो गं बाळ, ये ये, आई झोपलीये —

चिमणे, ये