दुखलं तर सांग, आजी

मंगळवार, ६ जानेवारी

खुर्चीतून उठायचं मी, परत बसायचं मी — आणि मार्क माझ्या नातीला! असली मजेची परीक्षा मी तर बाई जन्मात ऐकली नव्हती. नातीला आम्ही टोळ म्हणतो. पाय तेवढेच लांब आणि उड्याही तशाच. शाळेच्या शेवटच्या वर्षांसाठी तिने शारीरिक शिक्षण हा विषय घेतलाय. मला वाटायचं, मैदानावर नुसतं पळवत असतील. तर नाही! त्याला जाडजूड पुस्तक आहे. हाडं, स्नायू, श्वास, सगळं त्यात. काल माझ्या मांडीवर बोट ठेवून स्नायूचं नाव सांगितलं. केवढं थोरलं नाव! इतकी वर्षं मांडी माझी, आणि नाव काल कळलं.

आता तिला एक म्हातारं माणूस हवंय. त्याची ताकद तपासून दाखवायची, बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंसमोर. तिने मलाच विचारलं. आईच्या आईला नाही, मला! (ती लांब राहते म्हणा. पण तरी.)

मुलगा जेवता जेवता म्हणाला, "एवढी शाळा केली ती आजीला उठवायला-बसवायला शिकायला?" सून हसली. ह्याचं फरशांचं दुकान. पोरीने हिशेब शिकावा, गल्ल्यावर बसावं, एवढीच ह्याची उडी.

गुरुवार, ८ जानेवारी

उठले, बसले, उठले, बसले. टोळ म्हणाली, "आजी, तू भारीच आहेस!" दिवसभर गुणगुणत होते.

रविवार, ११ जानेवारी

मुलाने आज ठणकावून सांगितलं. ह्या परीक्षेत पोर नापास झाली तर विषय बंद. हिशेबाची शिकवणी, आणि संध्याकाळी दुकान. "पळून पळून जाणार कुठे आहे?" म्हणे.

अगदी माझ्या बापाचे शब्द! मीही पळायचे. तिसरीत शाळा सुटली तेव्हा पाटी-दप्तराचं काही वाटलं नाही, मैदान सुटलं त्याचं वाटलं. तेव्हा बाप. मग नवरा. आता पोटचा पोर. तोंडं बदलतात, वाक्य तेच.

चहा दिला त्याला. साखर मुद्दाम कमी घातली.

गुरुवार, १५ जानेवारी

सगळे बाहेर पडले की दार लावून सराव करते. हात छातीवर कात्रीसारखे, खुर्चीच्या हाताचा आधार घ्यायचा नाही. मी जितकी भराभर उठेन तितके पोरीला मार्क जास्त. उजवा गुडघा आतून करवतीने कापल्यासारखा होतो. कोणाला सांगते!

दुखणं गिळण्यात माझा हात कोण धरणार? ह्याच मुलाच्या वेळेला कळा सुरू झाल्या तरी मी पाहुण्यांना वाढत होते. सासूबाईंनी घरोघर सांगितलं, "हिच्या तोंडून हूं नाही की चूं नाही." आयुष्यात मला मिळालेलं तेवढंच प्रशस्तिपत्रक. तेही भिंतीवर लावता येत नाही.

मंगळवार, २० जानेवारी

पोरीचं वाटोळं केलं. माझ्याच हाताने. पायाने म्हणायला हवं.

शाळेची मोठी खोली, कोपऱ्यात गाद्यांची चळत, सगळीकडे रबराचा वास. खुर्ची भिंतीला टेकवलेली. टोळ किती छान बोलली! "आजी, दुखलं तर सांग. आपण लगेच थांबू." दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हसून म्हणाले, "छे गं, मला काय धाड भरलीय?" आणि उठत सुटले. गुडघ्यात नुसती आग, पण हसू सोडलं नाही. मग उठून समोरच्या खुणेला वळसा घालून यायचं होतं. वळताना पाय गेला. परीक्षक बाईंनीच धरलं, नाहीतर आपटलेच असते.

त्या म्हणाल्या, "आजी किती वेळा उठल्या, ह्याला मार्क नाहीत, बाळ. तू त्यांना कसं सांभाळलंस, ह्याला आहेत. तोंड हसत होतं, पण पाय ओढत होत्या त्या. तुला दिसायला हवं होतं."

नापास.

मला कोणी सांगितलंच नाही की मार्क उठण्याला नाहीत! की सांगितलं होतं? टोळ समजावत असते तेव्हा मी नुसती तिच्या तोंडाकडे बघत बसते. कौतुकाने.

बुधवार, २१ जानेवारी

टोळ बोलत नाही. गुडघा टम्म सुजलाय. बरी अद्दल घडली मेल्याला!

शुक्रवार, २३ जानेवारी

मुलगा खुशीत. शीळ घालत होता. टोळच्या खेळाच्या बाईंनी परीक्षकांची विनवणी केली म्हणून मंगळवारी परत एकदा घेणार आहेत. हा म्हणतो, "घेऊ देत. मी येतोच बघायला. मग तिथूनच तिला दुकानात नेतो."

टोळने शेवटी तोंड उघडलं. "मी शेजारच्या शिंपीणआजीला नेणार. ती निदान कण्हते तरी!"

मी म्हटलं, "ती तर खुर्ची बघूनच कण्हेल." हसली नाही.

"तू माझ्याशी खोटं बोललीस, आजी. मी विचारलं होतं. दोनदा."

ह्या घरात मला दुखतंय का असं विचारणारी ती एकटी. आणि फसवलं कोणाला, तर तिलाच.

रविवार, २५ जानेवारी

शिंपीण नाही म्हणाली. "चारचौघांत हसं करून घ्यायला मी रिकामी नाही." मग टोळ माझ्यापाशी आली. "जेवढं झेपेल तेवढंच, आजी. पण दुखलं की तोंडाने म्हणायचं. म्हणून दाखव बघू."

नाही आलं. नंतर न्हाणीघरात नळ सोडून म्हणून बघितलं. तरी नाही! शब्द दातांपर्यंत येतो आणि मागे वळतो. सत्तरी ओलांडली बाई, आणि एवढासा शब्द बोलता येईना.

मंगळवार, २७ जानेवारी

दुसऱ्यांदा उठताना म्हणाले, "दुखतंय."

टोळने तिथेच थांबवलं. कोपराखाली हात घालून बसवलं. "कुठे, आजी?" गुडघा, म्हणाले. मग कंबर. मग बाकीचं. टोळ पास झाली, पुढची मुलगी तिच्या आजोबांना घेऊन येऊन उभी राहिली, तरी मी सांगतच होते — बापाच्या घरचं, नवऱ्याच्या वेळचं, पाहुण्यांना वाढत होते त्या दिवसाचं. मुलगा दाराशी उभा होता, दुकानाच्या किल्ल्या हातात घेऊन. सगळं ऐकलं त्याने.

आज हूं नाही की चूं नाही, ते त्याच्या तोंडून.