घंगाळातला मोरू

कडाव,
फाल्गुन, १९४८

प्रिय मालोजी,

लग्न झाल्यावर तुमचं नाव मला घेता येणार नाही, उखाण्यात काय ते तेवढंच. म्हणून आत्ताच एकदा मनासारखं लिहून घेतलं. रागावू नका. माझी मैत्रीण शकू उद्या तुमच्या खालापूरला मावशीकडे निघालीय, तिच्या हाती हे पत्र देतेय. घरात कुणाला पत्ता नाही.

मला बघायला आलात त्या दिवशीचं तुम्हाला ओटीवरून दिसलं तेवढंच ठाऊक. आता माझ्या बाजूनं ऐका. सकाळीच मी मोरूला गोठ्यात कोंडलं होतं, त्याला बाहेर येता येऊ नये म्हणून दाराला बाहेरून बैलांचं जू टेकवलं होतं. कारण पाण्याचा आवाज आला की त्या बोक्याच्या अंगात येतं. बाबा कर्जतला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. गेल्या वर्षी साहेब विलायतेला निघाला, तेव्हा मडमेनं रडत रडत हा बोका बाबांच्या हातात दिला. कोकराएवढा, कानांवर केसांचे झुबके, शेपटी म्हणजे नवी केरसुणी. मोळी विकायला येणाऱ्या बुधीनं त्याला पहिल्यांदा बघितलं आणि मोळी टाकून पळत सुटली. "ह्यो बोका नाय गं, वाघरू हाय," असं ती अजून म्हणते.

दुधाकडे हा ढुंकून बघत नाही. पाणी ठेवा, आधी पंजानं ढवळणार, मग सांडणार, मग त्यात बसणार, आणि उरलं तर पिणार. मी नदीवर धुणं घेऊन निघाले की हा माझ्यापुढे. लावणीच्या वेळी तर पोटापर्यंत चिखलात आमच्या मागून फिरत होता. आई त्याला रोज शिव्या घालते आणि रोज त्याच्यासाठी न्हाणीत बादली भरून ठेवते. मी उदास असले तर ओल्या पंजांनी येऊन मांडीवर बसतो. लुगडं भिजतं, पण बरं वाटतं.

तर तुम्ही आलात, आणि आईनं हौसेनं पितळी घंगाळात वरून धो धो पाणी ओतलं. जू पडल्याचा आवाज मी आतून ऐकला, तोवर उशीर झाला होता. तुमच्या आत्याबाईंनी एक पाय धुतला, दुसरा उचलला, आणि मोरूनं घंगाळात उडी घेतली. आत्याबाई तशाच पायरीवर बसल्या. "एक पाय धुतल्याला, एक कोरडा, आशी मी कुनाच्या घरात शिरत नाय," म्हणाल्या. बाबांचा चेहरा बघवेना. मला वाटलं, झालं, सोयरीक पायरीवरूनच परत गेली.

मी दाराच्या फटीतून बघत होते. तुम्ही सदऱ्याच्या बाह्या वर केल्यात, त्या ओल्याचिंब धुडाला उचलून काखेत धरलंत, स्वतः विहिरीवरून पाणी आणलंत आणि आत्याबाईंचा दुसरा पाय धुतलात. धुताना तांब्यातली धार मुद्दाम बारीक सोडलीत, मोरूला पंजा मारता यावा म्हणून. ते फक्त मी बघितलं. मला तुम्ही तिथंच आवडलात.

मग मी पाटावर बसले. आत्याबाईंनी नाव विचारलं, रांधायचं विचारलं. शेवटी मध्यस्थ पदूकाका म्हणाले, "मालोजी, तुला काय इचारायचं तर इचार रं." तुम्ही मान वर केलीत आणि विचारलंत, "त्याचं नाव काय?" सगळे हसले. मी मोरू म्हणाले, आणि मलाही हसू आवरेना.

काल पदूकाका आत्याबाईंचा निरोप घेऊन आले. मुलगी पसंत आहे, बोका मात्र माहेरीच ठेवायचा. बाबांनी लगेच मान डोलावली. बोक्यापायी मुलीचं लग्न कोण मोडेल? सगळे साखर खात होते, मोरू न्हाणीत बादलीत बसला होता, आणि मी त्याच्याजवळ जाऊन बसले.

मोरूशिवाय मी येणार नाही, असं ठणकावून लिहायचं म्हणून मी हे पत्र लिहायला घेतलं. पण इथवर येता येता कळलं की ते खोटं होईल. त्याच्याशिवायही मी येईन, इतके तुम्ही मला आवडलात. म्हणून तर तुम्हाला विनवतेय, तशी वेळ माझ्यावर आणू नका. आत्याबाईंचा एक पाय तुम्ही धुतलाय. आता त्यांचं मन वळवून दुसराही धुवा, आणि वरातीच्या गाडीत आमच्या दोघांसाठी जागा ठेवा.

अजून झाले नाही, तरी तुमचीच,
जिजा